बिनपाण्याची लाट

१५ डिसेंबर १९५७, रविवार. ऊन छपराच्या कवेलूवर चढल्यावर.

आजपासून रोजनिशी. सांगणारी मी, लिहिणारी माझी सून वच्छला, चौथी पास. माझ्याशिवाय ही वही कोणी वाचायची नाई असं तिले बजावलं. मले वाचता येत नाई. म्हणजे वही एकदम सेफ.

वही गुणवंताची, माझ्या नातवाची. नागपूरले एम.एस्सी. झाला, फिजिक्समध्ये. तिथी म्हणे जे केलं ते तारखेनिशी वहीत लिहा लागते, नाईतर कोणी धरत नाई. मंग आपणही त्याले तारखेनिशीच हरवू. अर्धी वही कोरी आहे, एका बाजूनं बारीक चौकटी. वच्छला म्हणे चौकटीच्या पानावरही लिहू का आत्याबाई? म्हटलं लिही. माझं म्हणणं मोठं आहे.

मुद्दा असा. मुंबईच्या अणुवाल्यांची नोकरीची चिठ्ठी आली, वीस जानेवारीले हजर व्हा. मुंबईले गेलेला माणूस आमच्या गावात परत येत नाई. खरं म्हणजे आमच्या गावातून अजून कोणी गेलंच नाई, पण गेलं असतं तर आलं नसतं. इथी काय कमी आहे? जवळच्या मूल गावच्या शाळेत मास्तरची जागा रिकामी आहे, सायकलनं जाणं-येणं होते. धानाच्या बांध्या आहेत. बैल आहेत.

मी त्याले राह म्हणणार नाई. मागणं माझ्या तोंडाले शोभत नाई. नवरा गेला, पोरगा गेला, तेव्हा देवालेही मी काही मागतलं नाई. मी त्याचं सायन्सच खोटं करून दाखवते. मंग जाईल काहाले?

तसं त्याले सांगतलं. हसला. म्हणे आजी, एक जरी गोष्ट खोटी करून दाखवली तर जात नाई, मूलले मास्तर होतो. वच्छला साक्षीदार.

आठ दिवसांचं काम आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार. जेवणाच्या वक्ताले.

आज अणू घेतला.

गुणवंता म्हणे, सारं जग अणूचं, अन् अणू आतून रिकामा. म्हटलं किती रिकामा? म्हणे आपला अख्खा तलाव समज अन् मधात एक वाटाणा. बाकी पोकळ. म्हणजे पाट पोकळ, भिंत पोकळ, तू पोकळ, मी पोकळ.

त्याले पाटावर बसवलं. पडला का खाली? नाई पडला. म्हणे आजी, मी पाटाले टेकलोच नाई, फोर्स मले वर ढकलून राह्यला. फोर्स म्हणजे काय? म्हणे ढकलणं. कोण ढकलते? म्हणे फोर्स. मी वच्छलेकडं पाह्यलं. वच्छलेनं भाताकडं पाह्यलं.

मंग मी त्याच्यासमोर रिकामं ताट ठेवलं. म्हटलं जेव. तुझ्या हिशेबानं ह्या ताटात अन् भरल्या ताटात फरक किती? म्हणे फार नाई. मंग जेव न म्हटलं! पोट्टा ताटाकडं पाहतच राह्यला. वच्छलेनं मागून येऊन भात वाढला. आईचं काळीज प्रॅक्टिकलमध्ये आडवं येते.

रिझल्ट: मी जिंकली. गुणवंताले अजून समजलं नाई. वेळ लागते शिकलेल्यांना.

१९ डिसेंबर.

उजेड म्हणे लाट आहे. काल म्हणे दाणा होता. म्हटलं एक काही ठरव. म्हणे दोन्ही आहे, आपण जसं विचारू तसं उत्तर देते. असा माणूस असता तर पंचायतीत त्याची साक्ष धरली नसती.

पण आज मी लाटेवरच धरलं. त्याले तलावाच्या पाळीवर नेलं. दगड टाकला. म्हटलं, ही लाट. कशाची? पाण्याची. धानाच्या बांधीत वारा आला की लाट येते. कशाची? धानाची. आता सांग, तुह्या उजेडाची लाट कशाची? म्हणे कशाचीच नाई. आधी लोकांना वाटे कशाची तरी असेल, सारं जग त्यानं भरलेलं आहे. मंग मोठमोठ्या माणसांनी मोजून पाह्यलं तर काही सापडलं नाई.

म्हणजे लाट आहे, पाणी नाई.

मी त्याले शांतपणे सांगतलं, जोरात नाई. (वच्छला म्हणे जोरात. वच्छला पाळीखाली धुणं धुवून राह्यली होती, तिले तिथपर्यंत आवाज आला तर त्यात माझा दोष नाई.) सांगतलं की बापा, लाट हा शब्द आमचा. तलावाचा, नदीचा, कोळ्यांचा. तुम्ही तो उसना नेला. त्यातलं पाणी काढलं, ओलं काढलं, अंगावर येणं काढलं, अन् वर म्हणता लाटच आहे. मंग काय राह्यलं त्यात? म्हणे गणित राह्यलं. मंग गणित म्हण न! लाट काऊन म्हणतोस? म्हणे गणित म्हटलं तर कोणाले काही डोळ्यांसमोर येत नाई. म्हटलं, अन् लाट म्हटलं तर जे नाई तेच येते!

गुणवंतानं आणखी एक दगड पाण्यात टाकला. मंग म्हणे, आजी, तू कॉलेजात पाहिजे होतीस.

हरला. वच्छले, जाड अक्षरात लिही.

२२ डिसेंबर.

आजचा विषय लहान आहे. म्हणे अणूच्या आतलं जे बारीक असते, ते आपण पाह्यलं नाई तोवर एका जागी नसते. पाह्यलं की जागा धरते. पाहण्यानंच फरक पडते.

हे तर एका कोंबडीनं खोटं होते. आमची काबरी रोज टोपल्यामागं अंडं देते, पाह्यलं काय अन् नाई पाह्यलं काय. आजपासून मी पाट घेऊन समोर बसणार.

२४ डिसेंबर.

काबरीनं दोन दिवस अंडं नाई दिलं. मी बसली ती बसली, ती मह्याकडं पाहत बसली. आज तिसऱ्या दिवशी मी घोटभर पाणी प्यायले उठली तर अंडं. गुणवंता इतका हसला की खाली बसला.

कोंबडी सायन्समध्ये धरत नाईत. हे वहीत लिहायचं नाई असं वच्छलेले सांगतलं.

२७ डिसेंबर.

गुणवंता दोन दिवसांसाठी चांद्याले गेला. वाद नाई. घर शांत. मले आवडलं नाई. वच्छले, आवडलं असं लिही.

२९ डिसेंबर, रविवार. दिवस कलल्यावर.

आठ दिवस संपले त्याले सहा दिवस झाले. कारण मळणी होती. मळणीत कोणी फिजिक्स खोटं करत नाई.

आज टाईम. म्हणे धावणाऱ्याचा टाईम बसलेल्याच्या टाईमापेक्षा हळू चालते. बल्लारशाच्या गाडीत बसलेल्याचं घड्याळ, स्टेशनावर बसलेल्याच्या घड्याळामागं पडते. किती मागं? म्हणे मोजता येणार नाई इतकं. पण पडते.

मी दुपारपर्यंत हसली. म्हटलं, चाळीस वर्षं ह्या घरात मी धावली. विहीर, गोठा, चूल, बांधी. तुझा आबाजी ओसरीवर बसून राहे. मंग केस माझे आधी काऊन पिकले? गुणवंता म्हणे, पण गेले तर आबाजीच आधी न!

हे प्रूफ मी मानत नाई.

मंग म्हणे कोण धावते अन् कोण बसते हेही पक्कं नाई, ज्याच्या-त्याच्या नजरेवर आहे. गाडीतल्याले वाटते स्टेशनच मागं गेलं. ह्यात नवीन काय? गेल्या वर्षी सरकारनं कागद फिरवला. झोपलो तेव्हा मध्यप्रदेशात होतो, उठलो तं मुंबई राज्यात. गाव होतं तिथीच. म्हैसही होती तिथीच. मी गुणवंताले म्हटलं, तू मुंबई राज्यातच आहेस, आणखी मुंबईले कुठी जातोस?

गुणवंता मह्याकडं पाहून म्हणे, आजी, मी जाऊ नये असं वाटते का तुले? विषय बदलायची ही त्याची पद्धत आहे. मी म्हटलं, मले काय वाटते त्यानं काय होते, तुझ्या सायन्सले काय वाटते ते सांग.

उठून गेला. पुन्हा हरला.

३ जानेवारी १९५८.

अणुवाल्यांची चिठ्ठी गुणवंता खिशातच घेऊन हिंडते. हरायची भीती बसली आहे.

पण नुसतं घरात जिंकून उपयोग नाई, चारचौघांत जिंकली पाहिजे. अन् रस्ता निघाला. पंधरा तारखेले आपल्या गावचा शंकरपट, बैलांची शर्यत. माझी जोडी, कोश्या अन् बांड्या, छकड्याले जुंपून पळणार. धुरकरी पत्रू. पत्रू छकड्यावर उभा राह्यला की बैलांना वाटते मागं वाघ लागला.

आमच्या पटाची एक रीत आहे, बाकी गावांत नाई. पहिल्या जोडीच्या मालकाले नारळ, दुपट्टा अन् एक शब्द. मचाणावर चढून आपल्या घरच्या माणसाले एक गोष्ट सांगायची. पाच गावांसमोर सांगतलेल्या शब्दाले नाई म्हणता येत नाई. आमच्या गावच्या कोलूनं रुसून माहेरी गेलेली बायको ह्या शब्दावर परत आणली. शिव्या देत आली, पण आली.

मी गुणवंताले शब्द टाकीन. हे मागणं नव्हे. हा जिंकल्याचा हक्क आहे. फरक आहे. वच्छला म्हणे काय फरक आहे. म्हटलं तू लिही.

१० जानेवारी. दिवस बुडायच्या आधी.

तयारी पक्की. बैलांना अलसी अन् गूळ. पत्रू रोज पहाटे पळवते.

मागच्या साली दोन छकडे एकमेकांत घुसले, म्हणून पंचांनी नवीन काढलं. एकेक जोडी सोडायची अन् घड्याळावर मोजायचं. चांद्याचे खुर्शीदभाऊ घड्याळवाले आज जागा पाहायले आले. खटका दाबला की चालते, दाबला की थांबते, असं घड्याळ आहे त्यांच्याजवळ. एका सेकंदाचे पाच तुकडे दाखवते.

मी त्यांना विचारलं, भाऊ, तुमच्या दुकानात इतकी घड्याळं, खरा टाईम कोणाचा? म्हणे बुढीमाँ, चाळीस घड्याळं हैत, दोघांचं पटत नाई. मंग लावता कशावरून? म्हणे स्टेशनावरच्या घड्याळावरून. अन् स्टेशनवाले? म्हणे तारेवरून, वरून येते.

म्हणजे टाईमही मुंबईहूनच येत असेल. सारंच तिथून येते अन् सारंच तिथी जाते.

वच्छलेनं गुणवंतासाठी दोन नवे सदरे शिवले. चांगलं केलं. शाळेत मास्तर नीटनेटका दिसला पाहिजे.

१४ जानेवारी, मंगळवार.

संक्रांत. तिळगूळ वाटला. गुणवंता पाया पडला तेव्हा जरा जास्तच वेळ वाकून राह्यला. काही सांड-लवंड झालं का म्हणून मी खाली पाह्यलं. नव्हतं झालं.

शब्द पाठ करून राह्यली आहे. "गुणवंता, मूलची शाळा तुझी." छोटा, ठसठशीत. त्यात राह नाई, विनंती नाई.

१५ जानेवारी. दिवे लागायच्या वक्ती.

लिही. जसं झालं तसंच लिही. मी सांगीन तसं.

पाच गावांची माणसं. झाडांवर पोट्टे. ढोल. नदीपलीकडचे भैयाजी आपली जोडी घेऊन आले, बैलांच्या शिंगांना हिरवा रंग. त्यांची जोडी सतरा सेकंद अन् दोन तुकड्यांत गेली. मंग माझी सुटली. काय गेली! कोश्याचे पाय दिसले नाईत. धुळीतून पत्रूची नुसती पगडी पुढं जाताना दिसे. खुर्शीदभाऊंनी खटका दाबला. सतरा सेकंद अन् तीन तुकडे.

एक तुकडा. एका सेकंदाचा पाचवा हिस्सा!

पत्रू धावत आला. म्हणे आजी, धूळ उडाली अन् खुर्शीदभाऊ डोळे चोळून राह्यले होते, अंगठा मागून पडला. पंचांना म्हण, जोडी पुन्हा पळवा. लोकही म्हणत होते, पुन्हा पळवा. मी म्हटलं गप राह. पुन्हा पळवा म्हणून मी कोणाच्या पाया पडू? अंगठ्याचं काय घेऊन बसला? आपल्याजवळ सायन्स आहे!

मचाणावर चढली. दोघांनी हात दिला, मी मागतला नव्हता. पंचांना सांगतलं की खुर्शीदभाऊंचं घड्याळ खुर्चीवर बसलं होतं. माझे बैल धावत होते. धावणाऱ्याचा टाईम कमी भरते, हा सायन्सचा कायदा आहे, एम.एस्सी.ले शिकवतात. बैलांचा टाईम बैलांच्या घड्याळानं धरा. माझी जोडी पहिली आहे.

 ढोलवाला थांबला. एक पंच म्हणे, बाई, हे कोणी सांगतलं? म्हटलं माझा नातू, तो पाहा, कडुनिंबाखाली. बोलवा त्याले.

गुणवंता आला. पहिले मलेच हळूच विचारलं, आजी, तुले हे खरं वाटते? मी मोठ्यानं म्हटलं, खरं म्हणजे अगदी खरं, एक अक्षर खोटं नाई! पाच गावांनी ऐकलं.

गुणवंता पंचांकडं वळला. म्हणे कायदा खरा आहे. मी लोकांकडं पाह्यलं. मंग म्हणे, पण कायदा दोन्ही जोड्यांना लागते. अन् जो जास्त जोरात धावते त्याले जास्त लागते. भैयाजींची जोडी जोरात होती, म्हणून त्यांचाच टाईम आणखी कमी भरेल.

असं हसले लोक की बैल बुजले. भैयाजींना हसता हसता खोकला लागला.

म्हटलं, कमी म्हणजे किती कमी? म्हणे कोणत्याच घड्याळात दिसणार नाई इतकं. म्हणजे पाहा, जे दिसत नाई, मोजता येत नाई, त्याच्यावर मी हरली. महिनाभर मी दुसरं काय सांगून राह्यली? पंच म्हणे, बाई, अजून काही म्हणणं आहे? म्हटलं नाई.

नारळ भैयाजींना. दुपट्टा भैयाजींना. शब्दही भैयाजींना. अन् त्यांनी बायकोले काय सांगतलं, तर बिडीवरून बोलायचं नाई. इतक्या मोठ्या शब्दाची अशी माती केली! मले तो शब्द भेटला असता तर मी...

जाऊ दे.

१६ जानेवारी.

गुणवंता म्हणे, आजी, तू पाच गावांसमोर सायन्स खरं म्हटलं. पैज कोणी जिंकली? म्हटलं कोणीच नाई. पैज तहकूब.

मले वाटलं हसेल. हसला नाई. पाटावर बसून राह्यला, पायानं शेणाच्या जमिनीवर रेघा ओढत. म्हणे पैज सोड. तुले काय वाटते ते सांग. मी त्याले परत लाटेवर नेलं. अर्धवट राह्यलं होतं ते पूर्ण समजावलं. ऐकून घेतलं. दोनदा तोंड उघडलं अन् मिटलं. मुद्दाच सुचला नाई त्याले.

माणूस असा गप होते तेव्हा समजावं की आतून ढासळला. दोन दिवसांत कबूल करते.

१८ जानेवारी, शनिवार.

सकाळच्या मोटरनं गेला.

वच्छला म्हणे नीट लिहू का आत्याबाई? म्हटलं लिही, आपण तारखेनिशी लिहितो.

मोटर सडकेवर उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. गुणवंताची पेटी टपावर चढली. तो खालीच उभा. नवा सदरा. लोक चढले, एक बकरी चढली, हा खालीच. म्हणे आजी, काही बोलायचं आहे का? भोवती सारं गाव. भैयाजीही मोटरीसाठी आले होते, बिडी ओढत. त्यांच्यासमोर मी काय पडतं घेऊ? म्हटलं, बस न लवकर, खिडकीची जागा जाईल. म्हणे बाकी काही? म्हटलं बाकी काय, पत्र टाक, अन् मुद्द्याचं लिही.

चढला. धूळ बसेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.

घरी येताना वच्छला पुढं, मी मागं. रोज उलटं असते. बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, ती थांबली. म्हणे, चिठ्ठी आली त्याच दिवशी गुणवंतानं मले सांगतलं होतं, आजी एकदा नुसतं जाऊ नको म्हणाली तर मी जाणार नाई. पैज-बिज काही नाई. तेवढंच.

मी म्हटलं, महिनाभर माहीत होतं तुले? म्हणे हो. म्हटलं, रोज समोर बसून लिहीत होतीस, अन् मले काऊन नाई सांगतलं?

म्हणे, सांगतलं असतं तर तुम्ही जाऊ नको म्हटलं असतं, आत्याबाई. त्याचा बाप ह्या धुऱ्याच्या पलीकडं कधी गेला नाई.

ह्याले माझ्याजवळ उत्तर आहे. चांगलं सडेतोड आहे. लिही.

थांब.

लिही न वच्छले, मी काही म्हटलं नाई, असं लिही.